हप्पू विक्रीसाठी नाही

हत्तीचे दोन्ही कान एकसारखे असलेच पाहिजेत, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. टिचकीच्या आईने हे स्वतः चौकशी करून शोधून काढलं होतं, आणि पुढे जे काही झालं त्यात तिच्या बाजूने असलेला हा एकमेव नियम ठरला.

हप्पूचा डावा कान उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा होता, कारण उजव्या कानापर्यंत येता येता शर्टाची पुढची बाजू संपली. शर्ट टिचकीच्या बाबाचा. निळ्या चौकटींचा. तो आपला फार आवडता शर्ट होता, हे त्याला त्याचा हत्ती झाल्यावर कळलं. पण तोवर टिचकीने त्या हत्तीचं नाव हप्पू ठेवलं होतं, त्याची सोंड चावून मऊ केली होती आणि त्याच्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असा ठराव एकमताने मंजूर केला होता. एकमत म्हणजे तिचं.

टिचकी हे अर्थातच खरं नाव नव्हे. बोटाएवढी जन्मली म्हणून आजीने टिचकी म्हटलं, ते चिकटलं. आईलाही एक बरं नाव होतं. पण इमारतीत राहायला आल्यापासून ती "टिचकीची आई" होती, आणि हल्ली तर एखाद्याने खऱ्या नावाने हाक मारली की ती मागे वळून दुसरं कोणी आहे का ते बघायची.

तर हप्पूला बघून लोक म्हणायला लागले, आम्हालाही एक करून दे. शेजारच्या वहिनींच्या कपाटात नातवाचे आखूड झालेले अंगरखे पडून होते. टाकवत नव्हते, ठेवून उपयोग नव्हता. "त्याचाच हत्ती कर की गं," वहिनी म्हणाल्या. "निदान धूळ झटकायला निमित्त होईल." टिचकीच्या बाबाने चहा ढवळता ढवळता म्हटलं, "धंदा कर. घरबसल्या." या घरातले मोठे निर्णय असेच होत. लहान निर्णयांना, म्हणजे पडद्याचा रंग वगैरे, वर्ष लागत असे.

घरबसल्या या शब्दाने ती फसली. टिचकी झाल्यापासून ती घरात होती हे खरं, पण बसली कधी, हे तिला आठवत नव्हतं. तरी दुपारी पोर झोपली की जो वेळ उरतो तो आपला, त्यात सुई-दोरा घेऊन बसावं, आपलं म्हणून काहीतरी असावं, एवढीच तिची मागणी होती. त्यात कोणाचं काय जाणार होतं?

"कोणाला सांगू नकोस," वहिनी म्हणाल्या. "गुपचूप शिव, गुपचूप दे. एकदा का हापिसात कळलं की तुझा हत्ती त्यांचा झाला म्हणून समज."

हा सल्ला योग्य होता. पण टिचकीची आई ही रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणारी बाई. चोरून कापूस भरायची कल्पनाच तिला सहन होईना. आपण सगळं रीतसर करू, असं तिने ठरवलं. 'रीतसर' या शब्दात केवढी रीत आणि केवढी सर, म्हणजे किती साहेब, असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली रीत खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडून समजली. वकील सज्जन होते. ऑफिसात पाऊल ठेवलं की ते सल्ल्याचे पैसे घेत, लिफ्टमध्ये घेत नसत. अडचण एवढीच, की लिफ्ट तळापासून त्यांच्या मजल्यापर्यंत फारच लवकर पोचायची.

"घरातून धंदा म्हटलं की आधी बघायचं ते जागेचं," वकील म्हणाले. "राहती जागा ती राहायची. तिथे धंदा चालतो का, हे इमारतीच्या नियमात बघा. मग नावाची नोंद. मग कर. आणि लहान मुलांची वस्तू असेल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे—"

लिफ्ट थांबली. वकील उतरले. दार बंद झालं.

पुढचे काही दिवस टिचकीची आई पोरीला कडेवर घेऊन वकील यायच्या वेळेला खाली भाजी घ्यायला जायची. भाजी नको असली तरी. असं करत करत तिने आख्खा कायदा मजल्यामजल्याने गोळा केला. घरात कोथिंबीर मात्र इतकी साठली, की सासूबाईंनी विचारलं, "अगं, हत्ती शिवायचाय की पोसायचाय?"

नियमात बघायचं म्हणजे पोटकलम काकांकडे जायचं. काका इमारतीच्या समितीचे सचिव. एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कोणतंही वाक्य ते सरळ बोलत नसत, त्याला आधी पोटकलम पाडत.

"यंत्र वापरणार?" काकांनी विचारलं.

"शिवणयंत्र आहे, काका. साधं."

"किती अश्वशक्तीचं?"

"पायाने चालवायचं आहे. माझ्या शक्तीचं."

काकांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बाळंतपणानंतरची ती शक्ती फारशी नसावी असं त्यांचं मत झालं असावं, कारण ते रकान्यात 'किरकोळ' असं लिहिताना तिने पाहिलं. अपमान गिळायचा असतो, हे तिला ठाऊक होतं.

समितीची बैठक झाली. एका सभासदाने इमारतीत प्राणी ठेवायला मनाई असल्याची आठवण करून दिली. हत्ती कापडाचा आहे हे समजल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली, पण नाराजीने. आणखी एकांना शंका होती, की गिऱ्हाइकं जिन्यात चपला काढतील का. शेवटी ना-हरकत पत्र मिळालं, अटींसकट. दारावर पाटी लावायची नाही. गिऱ्हाइकाने वर यायचं नाही. आणि दोन ते चार या विश्रांतीच्या वेळेत यंत्र चालवायचं नाही.

टिचकी दोन ते चार झोपायची. म्हणजे ज्या वेळात शिवता येणार तेवढाच वेळ सोडून बाकी कधीही शिवायला समितीची हरकत नव्हती.

"हाताने शिव," सासूबाई म्हणाल्या. "सुईला कोण ऐकतंय?"

ती हाताने शिवू लागली.

मग नावाची नोंद. खिडकीतल्या माणसाने विचारलं, व्यवसायाचं नाव काय? तिने याचा विचारच केला नव्हता. मागे रांग होती, कडेवर टिचकी होती, टिचकीच्या काखोटीला हत्ती होता. "हप्पू," टिचकी म्हणाली. खिडकीतल्या माणसाने लिहून टाकलं. खोडायचं असेल तर नवा अर्ज करावा लागेल, असंही त्याने प्रेमाने सांगितलं.

आणि शेवटी खेळणी तपासणी कार्यालय. लहान मुलांची वस्तू विकायची तर आधी तिचा एक नमुना तिथे द्यायचा, तो तपासून झाला की दाखला. वकिलांचं 'सगळ्यात महत्त्वाचं' ते हेच असावं असं तिला वाटलं. विचारायला गेली, तर लिफ्टमध्ये वकील म्हणाले, "हो, नमुना. पण नमुना देताना एक गोष्ट कधीही विसरू नका, की—" आणि त्यांचा मजला आला.

आता कोथिंबीर ठेवायला जागा नव्हती. तिने तो नाद सोडला.

नमुन्यासाठी तिने हप्पूचा भाऊ शिवला. त्याच शर्टाच्या पाठीचं थोडं कापड उरलं होतं, तेच वापरलं. यावेळी कापड मोजून घेतलं, कान सारखे केले, टाके इतके बारीक घातले की तिचे तिलाच दिसेनात. रोज दुपारचा थोडा थोडा वेळ चोरून तो झाला. झाल्यावर तिने त्याला फळीवर ठेवलं आणि जरा लांब उभी राहून बघितलं. बऱ्याच दिवसांनी तिने काहीतरी पूर्ण केलं होतं. एरवी तिच्या हातून दिवसभरात जे काही व्हायचं, भांडी, कपडे, जेवणं, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा अपूर्ण होऊन समोर उभं असायचं.

इथे या घरातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यातून झाला. एकदा एका लग्नाला जाताना हप्पू घरी राहिला होता. त्या लग्नात वधूवरांपेक्षा टिचकीचाच आवाज जास्त ऐकू आला. निम्म्यातून परत यावं लागलं. तेव्हापासून घरात नियम झाला, की दाराशी पिशवी भरलेली दिसली रे दिसली, की जो बघेल त्याने हप्पू तिच्यात टाकायचा. विचारायचं नाही, टाकायचा. वहिनीसुद्धा वाटी परत द्यायला आल्या तरी आधी पिशवीत डोकावत. पोटकलम काकांच्या समितीचे नियमसुद्धा कोणी इतके पाळत नव्हतं.

नमुना द्यायच्या दिवशी टिचकीला ताप आला. औषध घेऊन ती आतल्या खोलीत आईच्या मांडीवर झोपली, गुंगीत पहिल्यांदाच हप्पूशिवाय. मांडी हलवायची सोय नव्हती. "तूच जाऊन ये," टिचकीच्या आईने हळू आवाजात नवऱ्याला सांगितलं. "दाराशी पिशवी भरून ठेवली आहे. कागद आहेत, हत्ती आहे. फक्त द्यायचं आणि पोच घ्यायची."

नवरा आंघोळीला गेला. सासूबाई बाहेरच्या खोलीत आल्या. दाराशी पिशवी. खुर्चीवर हप्पू. हात आपोआप चालला. पिशवीत आधीच एक हत्ती होता, नवाकोरा. बाहेर मळेल बिचारा, असं म्हणून त्यांनी तो काढून फळीवर नीट ठेवला.

दुपारी नवरा घामाघूम होऊन, पण हसत घरी आला. "एका खेपेत काम," तो म्हणाला. "एकही कागद कमी नाही निघाला. उलट बाईंनी माझ्यादेखत सील केलं." गेल्या कित्येक महिन्यांत या घरातलं कुठलंच काम एका खेपेत झालं नव्हतं. टिचकीच्या आईचे डोळे भरून आले. तिने पोरीला अलगद उशीवर निजवून त्याला साखर जास्त घालून चहा दिला.

मग टिचकी उठली. ताप उतरला होता. "हप्पू," ती म्हणाली.

खुर्चीवर नाही. उशीखाली नाही. सासूबाईंनी कौतुकाने फळीवरचा हत्ती काढून दिला. टिचकीने तो नाकाशी धरला. वास घेतला. मग दोन्ही हातांनी अदबीने आजीला परत दिला.

"हा पाहुणा आहे," ती म्हणाली.

घरात अशी शांतता पसरली, की दोन ते चार समितीला जी हवी असायची ती हीच.

"तू कुठला हत्ती दिलास?" टिचकीच्या आईने विचारलं.

"पिशवीतला."

"त्याचे कान कसे होते?"

नवऱ्याने आठवून बघितलं. "एक मोठा होता जरा. सोंडही चावल्यासारखी. मला वाटलं, हल्ली जुनं दिसण्याची फॅशन आहे तसं काहीतरी मुद्दाम केलं असशील."

"अरे, तुझ्या शर्टाचा होता तो."

"दोन्ही माझ्याच शर्टाचे आहेत ना," नवरा दुखावल्या आवाजात म्हणाला. "मी ओळखायचं कशावरून? मी कोणाला काय बोललो का शर्टाबद्दल?"

सासूबाई फळीवरची धूळ पुसू लागल्या, जी नव्हती.

त्या रात्रीबद्दल न बोललेलं बरं. सकाळी वहिनी स्वतःहून दूध घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भिंतीपलीकडून ऐकलं सगळं. मी म्हटलं नव्हतं, एकदा हापिसात कळलं की हत्ती त्यांचा?" बरोबर ठरलेल्या माणसाला असं निदान दूध तरी घेऊन यावंसं वाटलं, हे त्यांचं मोठेपण.

टिचकीची आई पोरीला कडेवर घेऊन, पाहुण्याला पिशवीत घालून तपासणी कार्यालयात पोचली. बाकावर बसली. बाकाच्या समोर काचेचं कपाट होतं. त्यात जमा झालेले नमुने ओळीने मांडले होते. एक रबरी बदक, एक लाकडी गाडी, चार खुळखुळे, आणि शेवटी, गळ्यात दोरीने पिवळी चिठ्ठी बांधलेला, मोठा कान डोळ्यावर आलेला हप्पू.

टिचकीने काचेला तळहात लावला. ती रडली नाही. "हप्पू, चल," ती म्हणाली. जरा थांबली. "हप्पू, घरी चल." मग आईकडे वळून समजावल्यासारखं म्हणाली, "तो येत नाही."

तिचा हात धरून टिचकीच्या आईने टेबल गाठलं.

टेबलामागच्या मॅडम दमलेल्या दिसत होत्या. घरी लहान मूल असलेली बाई दुसरीला ओळखते, तशा त्या लगेच ओळखू आल्या. बाहीवर वाळलेला भात होता. पण ओळख दाखवायची वेळ नव्हती.

"जमा झालेला नमुना परत मिळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"चुकून आला, मॅडम. खरा नमुना हा आहे. बदलून घ्या ना."

"बदलून घ्यायची तरतूद नाही."

"तपासणी म्हणजे काय करता?"

"आधी कान ओढतो. मग डोळे. मग पाण्यात बुडवतो. शेवटी पेटवून बघतो."

टिचकीच्या आईने पोरीच्या कानांवर हात ठेवले. उशीर झाला होता. टिचकीने स्वतःचे डोळे दोन्ही हातांनी झाकून घेतले.

"कधी?"

"उद्याच्या यादीत पहिला हाच आहे," मॅडम म्हणाल्या, आणि मग आवाज थोडा खाली आणून, "एक मार्ग आहे. ही वस्तू विक्रीसाठी नाही, असं लेखी द्यायचं. मग ती खेळणं म्हणून माझ्या कक्षेत येत नाही. मला ठेवता येत नाही."

"देते की."

"पूर्ण ऐका. मग तुमच्या अर्जाला नमुना राहत नाही. अर्ज रद्द. तुमच्या समितीचं पत्र त्या अर्जाला जोडलेलं आहे, तेही रद्द. सगळं पहिल्यापासून." मॅडमनी कागद उलटले आणि कपाळावर आठी घातली. "व्यवसायाचं नाव हप्पू. नमुन्याचं नाव हप्पू. आणि हप्पू विक्रीसाठी नाही. मग तुम्ही विकताय काय?"

"त्याची भावंडं," टिचकीची आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं. बैठक, जिन्यातल्या चपला, खिडक्या, रांगा, ती सगळी कोथिंबीर. एका सहीने पुसून जाणार होतं. एवढ्या महिन्यांत फक्त एवढंच तर तिचं स्वतःचं म्हणता येईल असं उभं राहिलं होतं, आणि तेही कागदावर. तिने पेन मागितलं. टिचकी कडेवर असल्यामुळे सही वाकडी आली. खरं नाव लिहायचं होतं, ते क्षणभर आठवावं लागलं.

मॅडमनी कपाट उघडलं. हप्पूच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, सही केली. "चिठ्ठी काढू नका," त्या म्हणाल्या. "नोंद झाली आहे." आणि हत्ती देताना त्याचा वाकलेला कान त्यांनी बोटाने सरळ केला. तो पुन्हा वाकला.

इमारतीत शिरताना लिफ्टमध्ये वकील भेटले. हप्पूला बघून त्यांना सगळं समजलं. "तेच तर सांगत होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "नमुना देताना एक गोष्ट कधीही विसरू नका, की जे परत हवं असेल ते देऊ नका." पहिल्यांदाच त्यांचं वाक्य मजला यायच्या आत पूर्ण झालं होतं. टिचकीच्या आईने आभार मानले. त्यांची चूक नव्हती. इमारतच बुटकी होती.

त्या दुपारी टिचकी हप्पूच्या मोठ्या कानात तोंड खुपसून जी झोपली, ती चार वाजून गेले तरी उठेना. घरात सगळे चवड्यांवर चालत होते. नवऱ्याने कोणी न सांगता भांडी घासली. तो आणखी एक निळा शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "हा माझा नावडता आहे. खरंच."

संध्याकाळी पोटकलम काका आले. त्यांच्याकडे बातमी आधीच पोचली होती. "आमचं ना-हरकत पत्र आता निरर्थक झालेलं आहे," ते दारातूनच म्हणाले. "नवा अर्ज. पुन्हा बैठक. अटी मात्र त्याच. शिवाय मधल्या काळात घरात शिवणकाम सुरू असल्यास ते कोणत्या आधारावर, हाही प्रश्न आहेच. मला कागद दाखवा."

टिचकीच्या आईकडे दाखवायला काहीच नव्हतं. भांडायलाही नव्हतं.

टिचकी पुढे झाली. झोपेतून उठल्यापासून ती येईल त्याला चिठ्ठी दाखवत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण हप्पूला काहीतरी मोठं बक्षीस मिळालं आहे अशी तिची समजूत होती. तिने हत्ती काकांसमोर धरला. काकांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. उलटी करून मागची बाजू वाचली. क्रमांक पाहिला, शिक्का उजेडात धरून पाहिला, सही बोटाने चाचपली. 'हप्पू. नमुना. विक्रीसाठी नाही.' त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. इमारतीतल्या कोणी ते यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "या घरात एकाचे तरी कागद पूर्ण आहेत."

चहा झाला. जाताना काकांनी नवा कोरा अर्ज स्वतःच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला. ते तो घेऊनच आले होते. "या वेळी नमुना म्हणून कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"पाहुणा," टिचकी म्हणाली, आणि फळीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. पाहुणा फळीवर नव्हता. तो सासूबाईंच्या मांडीवर होता, आणि सासूबाई मान खाली घालून त्याला एक लहानसं झबलं घालून बघत होत्या.

"उघडाच होता बिचारा," त्या म्हणाल्या.

टिचकीच्या आईने मुकाट्याने पेन उचललं. अर्ज आजच भरायला हवा होता, सासूबाईंनी त्याला नाव ठेवायच्या आत.